वाऱ्यावर सोडलेल्या पाट्या

स्वीडिश लोकांचं लेरशेर, म्हणजेच फिनिश लोकांचं साविकारी, या गावात रस्त्याच्या प्रत्येक खांबावर दोन पाट्या असायच्या. एक स्वीडिश, एक फिनिश. ज्या भाषेची माणसं जास्त, तिची पाटी वर. सरकारी नियमच तसा. वरच्या पाटीनं कुणाचं पोट भरत नव्हतं, पण सगळ्या गावाचा जीव तिच्यात अडकलेला. स्वीडिश घरात पाळणा हलला की फिनिश घरात भांडी आदळायची आणि फिनिश म्हातारं नव्वदी ओलांडू लागलं की स्वीडिश लोक हळहळायचे.

पाट्यांची अदलाबदल करणं हे एवाल्डचं काम. खांब दोनशे बारा. तीस वर्षांत तो इतक्या वेळा शिडी चढला होता, की सलग चढला असता तर चंद्रावर पोचून परतीची अर्धी वाट संपली असती. उरलेली अर्धी गुडघ्यांनी नाकारली असती.

पण एवाल्डला त्याचं काही नव्हतं. त्याला आठवड्यातला एकच दिवस प्यारा, शनिवार. दुपारी तीनला शेजारच्या हिल्काबाईंच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, अंग शेकायचं, मग त्यांच्यासोबत पायरीवर बसून गरम सॉसेज खायचं. सहाला बहिणीच्या, गुनबोर्गताईच्या टेबलावर शेपू घातलेली हेरिंग मासळी आणि उकडलेले बटाटे. हिल्काबाईंचं सौना असं कडक, की एकदा एवाल्ड खिशात बटाटा विसरून गेला तर बाहेर येताना तो साल सुटलेला निघाला. आणि ताईची हेरिंग अशी खारट, की तिचं ताट विसळलं की बंदरात भरती यायची. हिल्काबाई पक्क्या फिनिश, ताई पक्की स्वीडिश. दोन घरांच्या मधोमध खांब. दोघी एकमेकींशी बोलत नसत, खांबाशी बोलत.

एका सोमवारी नगरपालिकेच्या सोल्वेगबाईंनी त्याला बोलावलं.

"एवाल्ड, मोजणी झाली. स्वीडिश सातशे एक, फिनिश सातशे एक."

"अरे वा! म्हणजे शिडी अडगळीत?"

"कसली अडगळीत! एक माणूस उरलाय. मातृभाषेचा रकाना कोरा."

"कोण हा गाढव?"

सोल्वेगबाईंनी कागद त्याच्याकडे वळवला. गाढवाचं नाव एवाल्ड होतं.

त्याची आई स्वीडिश, बाप फिनिश. ताईच्या बारशाला बाप समुद्रावर होता, म्हणून तिचं स्वीडिशवर निभावलं. एवाल्डच्या बारशाला मात्र दोघांची चर्चमध्येच जुंपली. पाद्रीबुवांची कॉफी निवत होती, त्यांनी रकाना कोरा ठेवून वही मिटली.

"एकच भाषा लिहायची. शुक्रवारी बारापर्यंत," सोल्वेगबाई म्हणाल्या.

बातमी त्याच्याआधी घरी पोचली होती. दारात स्वीडिश बँड वाजत होता आणि खिडकीतून फिनिश बायका तांदळाच्या पुऱ्या आत ढकलत होत्या. बुधवारपर्यंत घरात दालचिनीचे पाव इतके साठले, की मांजराला बाहेर पडायला बोगदा खणावा लागला.

"हे बघ एवाल्ड," ताई म्हणाली, "तू फिनिश लिहिलंस ना, तर शनिवारी बटाटे एकटेच उकडतील. तू नसशील."

"ताई, असं काय करतेस गं!"

"मी काहीच करत नाही. करणार आहेस तू."

तो कुंपणाशी गेला. हिल्काबाई सौनासाठी लाकडं फोडत होत्या.

"हिल्काबाई, मी समजा स्वीडिश लिहिलं..."

"लिही की. तुझा हात, तुझी पेन्सिल." कुऱ्हाड खाली आली. "कुलूप माझं."

गुरुवारभर एवाल्ड बंदरावर बसून राहिला. इकडे लिहावं तर शेक जातो, तिकडे लिहावं तर मासा जातो. समोर खडकावर समुद्रातून वर आलेला एक लठ्ठ, मिशाळ सील पोट वर करून पडला होता, कुठल्याच रकान्यात नसल्यासारखा. एवाल्डनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

शुक्रवारी बाराला पाच कमी असताना त्यानं कागद पुढे केला. सोल्वेगबाईंनी वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"सील?"

"तुम्हीच म्हणालात, एकच लिहायची."

"अहो, पण ती बोलता यायला हवी!"

एवाल्डनं खिडकी उघडली, छाती भरली आणि भुंकला. बंदरातून लगेच उत्तर आलं. हा पुन्हा भुंकला. पलीकडून लांबलचक, तक्रारीच्या सुरातलं उत्तर.

"काय म्हणतोय?" सोल्वेगबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"विचारतोय, आज हेरिंग आहे का."

बाराचे टोले पडले. सोल्वेगबाईंनी शिक्का मारला.

"सातशे एक आणि सातशे एक," त्या कपाळ धरून म्हणाल्या. "आता वर कोण? नियमात बरोबरी लिहिलेलीच नाही!"

"ते माझ्यावर सोपवा."

त्या रात्रीपासून सकाळपर्यंत त्यानं दोनशे बारा खांबांवर पाट्यांच्या जोड्या पवनचक्कीच्या पात्यांसारख्या बसवल्या. आता वारा ठरवणार. पश्चिमेचा वारा सुटला की स्वीडिश वर, पूर्वेचा सुटला की फिनिश. कुणाला भांडायचं असेल तर त्यानं वाऱ्याशी भांडावं.

शनिवारी तीनला एवाल्ड खांबाखाली उभा राहिला. काखेत टॉवेल, हातात काटा. एका दारात सहाचं ताट तीनलाच वाढून बसलेली ताई, दुसऱ्या दारात हिल्काबाई, तिघांच्याही माना वर; जिची पाटी वर, तिच्याकडे आज एवाल्ड. आणि लेरशेरच्या इतिहासात जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. वारा पडला. पाट्या थबकल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, कुणीच वर नाही. दोघी वाट बघत राहिल्या. पंधरा मिनिटं, अर्धा तास.

"मासा निवतोय," ताई शेवटी खांबाला म्हणाली.

"सौनाही निवतंय," हिल्काबाई खांबाला म्हणाल्या. मग जरा थांबून, मान न वळवता, "पायरी रुंद आहे. तिघं मावतात."

ताई ताट घेऊन कुंपण ओलांडून आली. एवाल्ड सौनातून लालबुंद होऊन निघाला तेव्हा पायरीवर सॉसेज होतं, बटाटे होते, हेरिंग होती, आणि दोघी मीठ जास्त झालंय का यावर कडाकडा भांडत होत्या. थेट एकमेकींशी.

तो मधे टेकला आणि काटा उचलला. तेवढ्यात कुंपणाखालून काहीतरी ओलं, लठ्ठ सरपटत आलं आणि भुंकलं.

"आता हा काय म्हणतोय?" दोघींनी एकदमच विचारलं.

एवाल्डनं ताट छातीशी धरलं.

"काही नाही. सरकारी काम आहे म्हणतोय. त्याला सोमवारी यायला सांगतो."