सव्विसावा नारळ

तीन जानेवारीला पाथर्डीकडच्या एका शाळेत थोर स्त्रिया खुर्च्यांवर बसल्या होत्या. जिजाऊ, सावित्रीबाई, झाशीची राणी आणि चौथीतली रुपाली, म्हणजे अहिल्याबाई. पांढरं लुगडं, तळहातावर मातीची पिंड. बडे सरांनी बजावलं होतं, "सत्कार होईस्तोवर हलायचं न्हाई. थोर माणसं हलत न्हाईत."

रुपालीच्या बारा ओळी तोंडपाठ होत्या, आणि त्या तिला एकाच माणसाला ऐकवायच्या होत्या. तिची आई छबूबाई रेशनकार्डासाठी अंगठा द्यायला ऊसतोडीवरून एका दिवसापुरती गावी आली होती. सव्वाबाराच्या एसटीनं परत राहुरीकडं जायचं होतं. रात्री उसाची गाडी भरायची, आई पोचली नाही तर बाप एकटा पडणार.

"बारा वळी बोलायला किती येळ लागतो गं?" तिनं सकाळीच विचारलं होतं.

"दोन मिनिटं."

"मग ऐकूनच जाते."

आता ती पिशवी घेऊन फाटकाशी उभी होती.

साडेअकराला सत्कार सुरू झाले. यादीत अकरा नावं होती. पण आपल्याकडं यादी म्हणजे नुसती सुरुवात. ज्याचं नाव राहिलं तो वर्षभर शाळेवरून मान वळवून जातो. म्हणून सर मागं नजर टाकत आणि दिसेल त्याला पुकारत. माजी सरपंच, आजी सरपंचांचे मेहुणे, मंडप देणारा, मंडप कुठं घालायचा ते सांगणारा. "कशाला, कशाला," म्हणत प्रत्येक जण बटणं लावतच पुढं येई. शाली संपल्यावर टॉवेल निघाले. नारळ मात्र पोतंभर होते.

झाशीच्या राणीचं काम संस्कृती नावाच्या पोरीकडं होतं. ती ओठ न हलवता म्हणाली, "तुझी आई सारखी रस्त्याकडं बघतीय."

"दिसतंय मला."

"सरांना सांग की, आधी बोलू द्या म्हणून."

"तू सांग. तलवार तुझ्याकडं हाय."

"मी तिसरीत हाय," झाशीची राणी म्हणाली.

पंचविसावा नारळ झाला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. रुपालीचा हात बधिर झाला होता. शेवटी ती हललीच. "सर, माझी आई..."

सरांनी फाटकाकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! अहिल्याबाईंच्या मातोश्री आल्यात! यांचा सत्कार राह्यलाच की!"

"नगं सर," छबूबाई हात जोडून म्हणाली. "पोरीला बोलू द्या. गाडी यील."

"ते होईलच हो. आधी मान!"

दोन बायकांनी तिला धरून स्टेजवर आणलं. सत्कार करणारे पाहुणे फोनवर होते, म्हणून थांबावं लागलं. टॉवेल झाला, नारळ झाला. फोटोत पाहुण्यांचे डोळे मिटले, म्हणून पुन्हा एक. तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला.

"बोल गं, रुपे, बोल!" छबूबाई नारळ पोटाशी धरून पायऱ्या उतरली. "जाता जाता ऐकते."

रुपालीनं तोंड उघडलं. माईक सरांच्या हातात होता आणि ते फोटोवाल्याचं नाव पुकारत होते. तिकडं एसटीचं दार धाडकन लागलं.

एक वाजता अहिल्याबाईंना माईक मिळाला. पाहुणे जेवायला गेले होते. रुपाली बारा ओळी बोलली, एकही न चुकता, रस्त्याकडं तोंड करून.

"छान," सर म्हणाले. "पण लोकांकडं बघून बोलायचं असतं, बाळा."