बुरुजाखालची वाट

काचेच्या पट्टीवरचा तडा तिरका होता, डावीकडून उजवीकडे चढणारा. भिंगातून मोजला: शून्य पूर्णांक तीन मिलिमीटर. बुरुजाच्या भेगेवर ही पट्टी दोन्ही कडांना चुन्याने घट्ट बसवतात. भिंत सरकली की काच फुटते.

तीन दशांशाने मला घाम फुटला नसता. पण किल्ल्याची तपासणी माझ्याकडे आहे; मी प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात तारीख कोरते, आणि या पट्टीचा कोपरा कोरा होता.

"मामा, ही काच कुणी बदलली?"

मामा किल्ल्याचा राखणदार. दरवाजाशेजारच्या खोलीत तीस वर्षं राहतो. माझी शाळा त्याच खोलीतल्या कंदिलाखाली झाली.

"मीच. फुटली होती ना! लोक एवढं जंगल तुडवून येतात, ते काय फुटक्या काचा बघायला?"

"किती वेळा बदललीस?"

"यंदाची ही तिसरी. गेल्या वर्षी दोन. अगं, तुझी खेप वाचवली, तर माझ्यावरच डोळे वटारतेस?"

माझ्या वहीत दोन्ही वर्षं एकच शेरा होता: हालचाल नाही.

खरं तर गेल्या वर्षीच मला चुना जरा जास्त पांढरा वाटला होता. तेव्हा मी विचारलं नाही. उत्तर मिळालं असतं, तर बुरुजाखालून जाणारी वाट बंद करावी लागली असती. दुसरी वाट किल्ल्याला नाही. वाट बंद म्हणजे दरवाजा बंद, आणि मामाची खोली रिकामी. बघू पुढे, म्हणत मी वर्षभर मूग गिळून बसले.

खालून आमच्या खात्याचे साहेब धापा टाकत आले, हातात हंगामासाठी वाट खुली करण्याच्या परवान्याचा कागद. वाटेवरच्या साखळीपलीकडे हंगामातले पहिले पदयात्री काठ्या टेकून उभे होते.

"मॅडम, सही करा, मंडळी खोळंबलीत."

"भिंत सरकतेय, साहेब."

"जुनी भिंत कुरकुरणारच! माझे गुडघेसुद्धा कुरकुरतात. मलाही पाडणार का?"

लोक हसले.

"तुमच्या गुडघ्यांखालून रोज दोनशे माणसं जात नाहीत."

आता ते जास्त हसले. साहेबांचा चेहरा उतरला. आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुमच्याच नोंदी सांगतात, हालचाल नाही."

"नोंदी चुकल्या. शंका येऊनही मी तपासलं नाही. तसं लिहून देते."

"नोकरीवर येईल हं."

"येऊ दे."

"मग सही दुसरा कुणी करेल."

"जरूर करू दे. आधी तासभर या भेगेखाली उभं राहायला सांगा त्याला. तुम्हीही या सोबतीला."

साहेबांनी वर बुरुजाकडे पाहिलं आणि नकळत दोन पावलं मागे सरले.

मामाने माझी बाही ओढली. "पोरी, माझी खोली..."

"माहीत आहे, मामा."

त्याच्या नखांत अजून वाळलेला चुना होता. त्याचा हात हलकेच सोडवून साखळीपाशी गेले. सगळ्यांना, अगदी मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"ही वाट मी बंद करते आहे. आजपासून."