दुरुस्त केलेली चिठ्ठी

तू भाषेची मिजास करतेस का, असं कुणी जुईलीला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि अगदी मनापासून म्हणाली असती. अकोल्यात जठारपेठेत वकिलाचं घर, आई शाळेत मराठीची बाई, त्यात पाचवी ते दहावी पुण्याला मावशीकडे. अशा पोरीच्या जिभेला शुद्ध मराठी चिकटते, त्यात तिचा काय दोष? पण चिकटते खरी. अमरावतीच्या कॉलेजात आल्याबरोबर वार्षिकांकाचं काम तिच्या गळ्यात पडलं ते त्यामुळंच.

अंकात विद्यार्थी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची ओळख छापायची होती. जुईलीच्या वाट्याला आली कल्याण सचिव, आचल. वलगावच्या नत्थुजींची मुलगी, एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. कल्याण सचिव म्हणजे गॅदरिंगला चहा-नाश्त्याचं बघणारी कुणीतरी असेल, असं जुईलीला वाटलं होतं. आठवडाभर आचलच्या मागं फिरली तेव्हा डोळे उघडले. कुणाचा एसटीचा पास अडलाय, कुणाला होस्टेलात खोली नाही, कुणाची घरी निकाल सांगायची छाती होत नाही. सगळे आचलपाशी यायचे. ती कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत ऐकून घ्यायची, अर्ध्या समोरच्याच्या हातावर ठेवायची.

"तू नावं कुठं लिहून ठेवतेस?" जुईलीनं विचारलं.

"नाव लिवलं का मानूस भेतो. मी डोक्यात ठेवतो," आचल म्हणाली.

जुईलीनं वहीत उतरवलं: 'नाव लिहिलं की माणूस घाबरतो, म्हणून मी लक्षात ठेवते.' आचल बोलायची एक आणि वहीत उमटायचं दुसरं. छापायचं म्हटलं की एवढं करावंच लागतं, असं जुईलीचं मत. बरं, आचल तिला आवडायला लागली होती, म्हणून तर तिचं बोलणं छापून आल्यावर नीटनेटकं दिसावं असं वाटायचं.

ग्रंथालयाबाहेर एक लोखंडी पेटी टांगलेली होती. तोंडानं सांगता येत नाही ते पोरं चिठ्ठीवर लिहून तिच्यात टाकत. दर शनिवारी आचल ती उघडायची आणि मंगळवारी चिठ्ठ्या प्राचार्यांपुढं ठेवायची. त्या शनिवारी मात्र नत्थुजींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि आचलला वलगावला राहणं भाग होतं. तिनं पेटीची किल्ली जुईलीच्या हातात दिली.

"उघडजो आन् चिठ्ठ्या जशाच्या तशा ठेवजो. मी सोमवारी आलो का पायतो."

जुईलीला भारी वाटलं. आठवड्याच्या ओळखीवर एवढा विश्वास.

सात चिठ्ठ्या निघाल्या. पाण्याचा कूलर, संडासाची कडी, ग्रंथालयाची वेळ, असंच सगळं. सातवी मोठ्या वहीच्या पानावर होती, अक्षर टपोरं, ओळी सरळ:

'ताई, मी रोज चांदूरच्या गाडीनं येतो. मी वर्गात बोललो का पोरी हासतात. परवा म्याडमनं उभं केलं तं मले काहीच बोलता आलं नाई. आता मले येनं नाई होत. सोमवारपासून मी येत नाई. कोनी इचारलं तं बरं वाटन.'

जुईलीला हसू आलं. खोटं कशाला बोला, आलं. वाईट हेतूनं नाही, 'म्याडम' आणि 'इचारलं' वाचून ओठ आपोआप हलले एवढंच. मग तिला वाईटही वाटलं. आणि मग वाटलं, मंगळवारी हा कागद प्राचार्यांपुढं जाणार, तो असा गेलेला बरा दिसेल का? तिनं लॅपटॉप उघडला आणि सातही चिठ्ठ्या स्वच्छ मराठीत उतरवून काढल्या. सातवी अशी झाली:

'मी दररोज चांदूर रेल्वेहून गाडीने येतो. मी वर्गात बोललो की मुली हसतात. परवा मॅडमनी उभे केले असता मला काहीच बोलता आले नाही. यापुढे येणे मला शक्य नाही. सोमवारपासून मी येणार नाही. कुणी विचारपूस केल्यास बरे वाटेल.'

मूळ चिठ्ठ्या फाडून टाकल्या. भलत्या कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून, काळजीपोटी. त्या दिवशी ती आपल्याच कामावर खूश होऊन झोपली.

सोमवारी आचलनं चिठ्ठ्या मागितल्या. फाडल्या म्हटल्यावर तिला राग आला, पण पोरीनं एवढी मेहनत घेतली, तिला काय बोलायचं? "बरं," म्हणाली आणि वाचायला बसली. सातव्या मजकुरावर थांबली, पुन्हा वाचला.

"हा पोरगा आजच पायला पायजे."

मग त्या पोराची शोधाशोध सुरू झाली. क्रीडा सचिव प्रीतमला बरोबर घेतलं. मुली हसतात म्हटल्यावर प्रीतमला वेगळीच शंका आली. "दिल का मामला हाय," तो म्हणाला, आणि आचलनं त्याला असा झापला की बिचारा दिवसभर खाली मान घालून हिंडला. न जाणो, मन बदलून आला तर, म्हणून दोन आठवडे रोज सकाळी तिघं बडनेरा स्टेशनवर उभी राहिली. चांदूरकडून येणाऱ्या एकेका पोराला बाजूला घेऊन विचारलं, भाऊ, काही तरास आहे का? एक म्हणाला, तुमीच देऊन राहिल्या. वर्गावर्गात मुलग्यांची हजेरी तपासली. आचलच्या डोळ्यांखाली काळं आलं. "त्यानं जिवाचं काई करून नाई घेतलं पायजे," ती एकदाच म्हणाली. या धावपळीत परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आली आणि गेली. पोरगा काही सापडला नाही.

पुढच्या आठवड्यात प्राणिशास्त्राच्या सरांनी आचलला थांबवलं. पहिल्या वर्षाची आरती नावाची मुलगी तीन आठवडे वर्गात नाही, फॉर्मही भरला नाही, तुम्ही कल्याणवाले काय करता? आचलनं चांदूरजवळच्या तिच्या घरी फोन लावला. आईनं सांगितलं, आरती अकोल्याला बहिणीकडं गेली, बहीण बाळंतीण आहे. कॉलेज सोडलं तिनं.

"पोरगा तं भेटला नाई. पोरगी तरी पायतो," आचल म्हणाली.

जुईलीला शनिवारी घरी जायचंच होतं. दोघी एसटीनं अकोल्याला गेल्या आणि रात्री जठारपेठेत उतरल्या. सकाळी स्वयंपाकघरात चहा पीत बसल्या होत्या. पार्वताबाई भांडी घासून उठल्या. पंधरा वर्षं या घरात काम करताहेत. पदराला हात पुसत दारातून म्हणाल्या, "मी चाललो बाई. उद्या उशिरा येतो."

जुईलीच्या हातातला कप तसाच राहिला.

चाललो. येतो. या घरात ती हे कायम ऐकत आली होती. वऱ्हाडातल्या बाया असंच बोलतात, मी आलो, मी गेलो, मी करतो. समोर बसलेली आचलही तसंच बोलते; तिच्या प्रत्येक 'करतो'चं जुईलीनं स्वतःच्या हातानं 'करते' केलं होतं. अहो, लहानपणी जुईली स्वतः असंच बोलायची, आईनं 'जातो नाही, जाते म्हण' असं घोकून घेईपर्यंत. तिला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. ती चिठ्ठी 'मले' आणि 'इचारलं'सकट आचलच्या हाती पडली असती, तर आचलनं मुलींमध्येही शोधलं असतं, आणि पहिल्याच दिवशी शोधलं असतं. 'मले'चं 'मला' झालं आणि 'येतो' मात्र तसंच राहिलं, तिथं त्या मुलीचा मुलगा झाला. कुणी केला? हिनं केला. आणि वर खूश होऊन झोपली.

आत्ता सांगावं, असं तिला वाटलं. नाही सांगितलं. डाबकी रोडला आरतीच्या बहिणीकडं जाताना ऑटोत तिनं तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा रस्त्याकडं पाहिलं. अजून तिला आशा होती, कदाचित ती चिठ्ठी दुसऱ्याच कुणाची असेल. स्वतःची लाज वाटत होती आणि तरी ती मनातल्या मनात हेच मागत होती.

आरती दारात बसून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या करत होती. आत बहीण झोपलेली. आचलला पाहून ती गडबडून उठली, पाणी आणलं, बाळाला मांडीवर घेऊन समोर बसली.

"फारमची तारीख गेली ना, ताई?"

"गेली. पुढच्या वर्षी भरू आपण."

"बाबा नाई म्हन्तात आता. म्हन्तात, तुलेच जाचं नोतं तं आता कावून?" आरती बाळाच्या टोपड्याची दोरी सारखी करत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी चिठ्ठी टाकली होती, ताई. पेटीत. तुमी इचारान म्हनून पंधरा दिवस घरीच वाट पायली. मंग इकडे आलो."

आचलनं मान वळवून जुईलीकडं एकदाच पाहिलं. तिला सगळं समजलं होतं. मग ती आरतीकडं वळली.

"भेटली होती तुही चिठ्ठी. मलेच समजली नाई. माही चूक झाली, बाई."

इथं जुईली गप्प राहिली असती तरी चाललं असतं. आचलनं तिच्यावर पांघरूण घातलं होतं. पण ते पांघरूण तिला सोसेना.

"आचलताईची काही चूक नाही," ती म्हणाली. "पेटी मी उघडली होती. तुझी चिठ्ठी मी दुसऱ्या कागदावर लिहून काढली, चांगल्या मराठीत, आणि तुझी फाडून टाकली. म्हणून सगळे एका मुलाला शोधत बसले. माझ्यामुळं तुझं वर्ष गेलं."

आरती तिच्याकडं बघत राहिली. चिडली असती तर जुईलीला बरं वाटलं असतं, चार शिव्या ऐकून घेतल्या असत्या. पण आरतीचा चेहरा पडला, वर्गात बाईंनी वही परत दिल्यावर पडावा तसा.

"कावून फाडली?" तिनं विचारलं. "मी लय चुकलो होतो का लिवतानी?"

"नाही," जुईली म्हणाली. "एकही चूक नव्हती."

"मंग?"

बाळ कुरकुरलं. आरती त्याला थोपटू लागली आणि जुईली काय सांगते त्याची वाट पाहत बसली.