एकास अडीचशेचा जागेवाला

"माप्राव वस्तीतलं एक मांजरसुद्धा माझ्या मॉडेलमधून सुटलेलं नाही," केंगने भर स्टुडिओत जाहीर केलं आणि खुर्ची उलटी फिरवून तिच्यावर ऐटीत बसला. 'केंग' म्हणजे थाई भाषेत हुशार. आईने पाळण्यात हे नाव ठेवलं आणि त्यानंतर त्याने कधी खातरजमा करून घेतली नव्हती.

शेजारच्या टेबलावर पुइफाय फोम बोर्ड कापत होती. ती त्याच्या मागून दाखल झालेली, पण वेळेत पास होणारी.

"मांजरं ठीक आहेत," ती म्हणाली. "माणसांना दाखवलंस का? लोकसहभाग राहिलाय तुझा."

"ती वस्ती माझ्या खिशात आहे गं."

"खिसा तपासून घे एकदा. फाटका असेल."

अर्बन डिझाईनची मास्टर्स पदवी मिळवायची तर बँकॉकच्या त्या कॉलेजात बरेच देव पुजावे लागत. क्रेडिटं पुरी करा, इंग्रजीची परीक्षा द्या, कुठल्यातरी परिषदेत निबंध वाचा. केंगने सगळं केलं होतं. त्याचा निबंध ऐकायला हॉलमध्ये एकच माणूस होता, तो एसी दुरुस्त करायला आलेला, पण टाळ्या त्याने मनापासून वाजवल्या. आता तीनच गोष्टी उरल्या होत्या. मॉडेल वस्तीत मांडून लोकांची मतं घ्यायची, परीक्षकांच्या ज्युरीपुढे प्रबंध मांडायचा आणि शेवटी मॉडेल विभागात जमा करायचं. जमा केल्याशिवाय पदवी नाही.

मुदतवाढी मागून मागून संपल्या होत्या. हे सत्र शेवटचं. यात जमलं नाही तर नखोन सवानला गावी परत जायचं आणि बापाच्या दुकानात फरश्या विकायच्या. तिकडे आईने पदवीदानासाठी रेशमी कापड घेतलं होतं आणि नातेवाइकांना बँकॉकला आणायला अख्खी बस ठरवून टाकली होती. रोज फोन करून ती एकच विचारायची, "बसमध्ये अजून एक जागा आहे, कुणाला घेऊ?" केंग म्हणायचा, सांगतो नंतर.

प्रबंधाचा विषय मात्र झकास होता. माप्राव ही कालव्याकाठची जुनी लाकडी वस्ती. घरं एकमेकांना चिकटलेली, आत आगीचा बंब शिरणं अशक्य. केंगने मॉडेलमध्ये मधली गल्ली रुंद केली आणि बंब थेट कालव्यापर्यंत नेऊन सोडला. खजुराच्या बीएवढा बंबही बनवला होता, पुइफायच्या नेलपॉलिशने रंगवलेला.

मॉडेल वस्तीतल्या बौद्ध विहाराच्या मंडपात टेबलावर मांडलं. पितळी पट्टीवर स्केल कोरलेलं: १:२५०. बाजूला झेंड्यांचे दोन डबे. आवडलं तर निळा टोचा, बदल हवा तर पिवळा टोचा, आणि झेंड्यावर मत लिहा.

सगळ्यात आधी लम्याई मावशी आल्या. वस्ती समितीच्या अध्यक्ष, तळलेल्या केळ्यांची गाडी त्यांची. त्या पास म्हणाल्या तर वस्ती पास. त्यांनी टेबलाभोवती एक चक्कर मारली.

"छान केलंयस रे. माझी गाडी आहे. कढईपण आहे. आणि जागेवाल्याचं घर कुठाय?"

केंगने मॉडेलकडे बघितलं. मग मंडपाबाहेर गल्लीच्या तोंडाशी बघितलं. तिथे खांबावर जागेवाल्याचं, म्हणजे त्या जमिनीच्या राखणदार देवाचं, लाल-सोनेरी देवघर दिमाखात उभं होतं. दोन वर्षं तो त्याच खांबाला स्कूटर टेकवत होता.

"तिथे बंब वळतो, मावशी."

"जागेवाल्याच्या अंगावरून?"

दुसऱ्या दिवशी केंग आगपेटीचं देवघर करून घेऊन आला. छप्पर सोनेरी चॉकलेटच्या कागदाचं. त्याने डिंकाची बाटली उघडली तशी मावशींनी त्याचा हात धरला.

"असा चिकटवतात होय जागेवाल्याला? तुझ्या बापाने घरी असाच बसवला होता? मुहूर्त लागतो. भटजी लागतो."

"मावशी, हे मॉडेल आहे. खोटं आहे."

"खोट्यावर मत कशाला मागतोस मग आमचं?"

असा प्रश्न केंगला त्याच्या गाईड वीरावन मॅडमनीही कधी विचारला नव्हता. मुकाट्याने त्याने भटजी बोलावला; तिकडे जागेवाला बसवायला बौद्धांनाही ब्राह्मणच लागतो.

पांढऱ्या कपड्यांतला भटजी आला आणि मॉडेलपुढे मांडी घालून बसला. टेबल उंच, त्यामुळे त्याला फक्त पाय दिसले, म्हणून पुन्हा उठला. "इमारतीची सावली देवघरावर पडता कामा नये," तो म्हणाला आणि मंडपातल्या ट्यूबलाइटकडे बघत देवघर इकडून तिकडे सरकवत राहिला. सावली पडत नव्हती अशी एकच जागा सापडली: बंबाच्या रुंद गल्लीच्या बरोबर मध्ये.

"इथे नको, गुरुजी. इथून बंब जातो."

"ट्यूबलाइट हलव मग."

ट्यूबलाइट विहाराची, तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. देवघर गल्लीत बसलं. मंत्र झाले, फुलं झाली. भटजी पादत्राणं घालता घालता म्हणाला, "आता याला हलवायचं तर पुन्हा मुहूर्त. मला विचारल्याशिवाय टेबलालासुद्धा हात लावू नका."

"पण मला हे पुढच्या आठवड्यात कॉलेजात न्यायचंय."

"बसवायच्या आधी सांगायचं होतंस," भटजी म्हणाला आणि गेला.

हे एवढ्यावर निभावलं असतं. पण सोळा तारखेला लॉटरी निघाली. लम्याई मावशींनी पितळी पट्टीवरचा आकडा लावला होता, शेवटचे तीन अंक दोन-पाच-शून्य. तेच लागले.

संध्याकाळपर्यंत अख्खी वस्ती मंडपात. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठची. तिसऱ्या दिवशी नावा भरून लोक आले. आगपेटीच्या देवघराला झेंडूच्या माळा चढल्या. माळ एक आणि तिच्याखाली सतरा घरं झाकलेली. लाल सोड्याच्या बाटल्या स्ट्रॉ घालून रांगेत उभ्या राहिल्या. कुणी उकडलेली अंडी ठेवली, कुणी तिकडच्या प्रथेप्रमाणे नवसाचे प्लास्टिकचे झेब्रे. मग लोक घरांच्या छपरांवर टाल्कम पावडर चोळून लॉटरीचे आकडे उमटतात का बघू लागले. मतांचे झेंडे पहिल्याच दिवशी संपले, केंगने अजून आणले, तेही संपले. प्रत्येक झेंड्यावर आकडा होता. फक्त एकीने निळ्यावर लिहिलं होतं: "नवरा ऐकेल असं कर."

केंगने मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मॉडेल कॉलेजात आणता येत नाहीये."

"का? नियम आहे. मॉडेल ज्युरीपुढे असलं पाहिजे."

"तो हलत नाही."

"कोण?"

"जागेवाला."

मॅडमनी आवाज खाली आणला. "नुसता ठेवलायस की बसवलायस?"

"बसवलाय."

"भटजी आणून?"

"हो."

"तू ना, केंग," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या सोसायटीत जागेवाल्याला न विचारता लिफ्ट बसवली होती, ती अजून चौथ्या मजल्यावर अडकत होती. "बरं. मॉडेल ज्युरीपुढे येत नसेल तर ज्युरी मॉडेलपुढे येईल. नियमात बसतं. पण जमा करायचा नियम मी वाकवणार नाही. सत्र संपायच्या आत मॉडेल विभागात हवं. तुला मी चार वेळा मुदत दिलीये, पाचवी माझ्याकडेच शिल्लक नाही."

ज्युरीच्या दिवशी सकाळी केंग वस्तीत लवकर पोचला. मंडपात कुणी नाही असं बघून तो मॉडेलपुढे गुडघ्यांवर बसला. आपणच बनवलेल्या आगपेटीला, जिच्या एका बाजूला कंपनीचा हत्ती अजून दिसत होता, त्याने हात जोडले. "पास कर. अख्खा पुडा उदबत्ती लावीन. अंडीपण देईन." इकडेतिकडे बघून तो उठला. खांबाआड उभ्या पुइफायने दुसरीकडे तोंड वळवलं.

ज्युरी आली. वीरावन मॅडम, आणि बाहेरच्या विद्यापीठाचे म्हातारे प्रासित सर. सरांनी चष्मा पुसला आणि बऱ्याच वेळाने सोड्याच्या बाटलीकडे बोट केलं.

"तुझ्या प्रस्तावात तीन मजल्यांच्या वर इमारत नाही म्हणतोस. मग हे पन्नास मीटरचे मनोरे?"

"तो नैवेद्य आहे, सर."

"आणि हे घराएवढे झेब्रे?"

"तेही."

सर छपरावरच्या पांढऱ्या थरापाशी थांबले. "पूररेषा दाखवलीयेस वाटतं."

केंगला दोर मिळाल्यासारखं झालं. "हो सर, शंभर वर्षांतल्या मोठ्या पुराची..."

"कसला पूर," मागून लम्याई मावशी म्हणाल्या. "पावडर आहे ती. परवा त्यात सात दिसला."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहून खोडलं. मग सरांनी मुद्द्यालाच हात घातला.

"तुझा सगळा प्रबंध या एका गल्लीवर उभा आहे. गल्लीच्या मध्ये देवघर आहे. मग बंब जाणार कुठून?"

केंगने गल्लीवरून बोट फिरवलं, ते देवघरापाशी अडलं. त्याला आईची बस दिसली, पुढच्या सीटपासून मागच्यापर्यंत भरलेली.

"जागेवाला असताना आग लागतेच कशाला?" मावशींनी विचारलं.

मंडपात जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रासित सरांनी झेंड्यांचं रान बघितलं, दारात चपलांचा ढीग बघितला.

"तीस वर्षं मी मॉडेलं तपासतोय," ते मॅडमना म्हणाले. "मॉडेलजवळ लोक यायचे ते कटर चोरायला. हा पोरगा बंब कुठे नेतोय ते त्यालाच माहीत नाही, पण लोकसहभाग मात्र असा कधी बघितला नव्हता. पास करा." जाता जाता त्यांनी एका झेंड्यावरचा आकडा तळहातावर उतरवून घेतला.

केंगने आईला फोन करून बसमधली जागा भरायला सांगितली. मग पुइफायसमोर म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं? वस्ती खिशात."

"नवस फेड आधी," पुइफाय म्हणाली.

"कसला नवस?"

"अंड्यांचा."

त्याने अंडी ठेवली. मग कबूल केल्याप्रमाणे अख्खा पुडा एकदम पेटवला आणि देवघरापुढे फोमच्या जमिनीत रोवला. हात जोडून डोळे मिटले. वास आला तेव्हा त्याला वाटलं, चंदन जरा वेगळं आहे.

रुंद केलेली गल्ली सगळ्यात आधी पेटली. तिथून आग कालव्यापर्यंत गेली, अगदी प्रबंधात आखलेल्या मार्गाने. नेलपॉलिशचा बंब भपकन गेला. वस्तीतल्या लोकांनी लाल सोड्याच्या बाटल्या ओतून आग विझवली तोवर घरं, मांजरं, केळ्यांची गाडी, कढई, सगळ्याचा काळा गोळा झाला होता. आगपेटीचं देवघर तेवढं जसंच्या तसं उभं होतं, चॉकलेटच्या कागदासकट.

केंगने मॅडमना कळवलं. मॅडमनी नियम काढून वाचला आणि म्हणाल्या की मॉडेलचा किती भाग जमा करावा हे त्यात लिहिलेलं नाही, तेव्हा उरलंय ते आण, चालेल.

देवघर हलवायला भटजीने मुहूर्त काढून दिला. सत्र संपल्यानंतरचा गुरुवार.