सात दिवसांचा अर्क

कंपाउंडरांनी बाटली खिडकीशी नेली, बूच घट्ट आहे ना हे अंगठ्याने दाबून पाहिलं आणि मोजून दहा वेळा हलवली. मग ती उजेडात धरली. आतल्या काकडीच्या चकत्या वर उसळल्या, गरागरा फिरल्या आणि दमून तळाशी बसल्या.

“अरे, जिन आहे ती. खोकल्याचं औषध नाही,” मागून त्यांची थोरली बहीण, ताई, म्हणाली. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. एक डोळा झाकलेला होता, पण उरलेला डोळा दोन्हींचं काम चोख करत होता.

“अर्क म्हटला की सात दिवस मुरवायचा आणि रोज हलवायचा. आज सातवा.”

“बरं बाबा. मला काय, मी रोगी.”

टेबलावर अशाच आणखी दोन बाटल्या होत्या. तिन्हींवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, वळणदार अक्षरात: काकडी, लिंबाची साल, चहा. खाली तारीख. त्याच्या खाली, हाताला सवयच होती म्हणून, ‘वापरण्यापूर्वी बाटली हलवावी’. दवाखान्याच्या छोट्या खिडकीमागे त्यांनी अडतीस वर्षं औषधं मिसळली होती. आपल्या हातून एक थेंब कधी इकडचा तिकडे झाला नाही, असं ते सांगत. घरच्यांच्या दुर्दैवाने ते खरं होतं.

अशा माणसाने दारूच्या दुकानाची पायरी चढावी हे नवलच. दुकानदाराच्या मुलांना कंपाउंडरांनीच जंताची औषधं दिली होती. तो उठून उभा राहिला आणि त्याने हळूच विचारलं, “डॉक्टरांना हवीय का?” कंपाउंडरांना सरळ हो म्हणता आलं असतं. ते म्हणाले, “नाही, मला. साधी जिन द्या, वेगळा वास न घातलेली. वास मी घालणार आहे.” मग त्यांनी बाटली औषधाच्या कागदी पिशवीत घालून घरी आणली, आणि रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाला न विचारता सांगितलं की ताईची औषधं आहेत.

हा सगळा खटाटोप मुलीसाठी होता. ती दुपारी तीनला येणार होती आणि साडेपाचच्या बसने परत जाणार होती. आत्याचा डोळा बघायला म्हणून येत होती. बापाला बघायला नव्हे, हे फोनवर स्वच्छ सांगितलं गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिने प्रयोगशाळेतली नोकरी सोडली आणि एका मोठ्या हॉटेलात कॉकटेल बनवायला लागली. त्या दिवशी कंपाउंडर म्हणाले होते, “लोकांना दारू पाजायची असेल तर या घरात पाय ठेवू नकोस.” तिने ठेवला नाही. बायको असती तर तिने दोघांचेही कान उपटले असते, पण ती गेली तेव्हा मुलगी शाळेतच होती. आपलं चुकलं हे कंपाउंडरांना महिन्याभरात कळलं होतं. ते म्हणायचं कसं, हे दोन वर्षांत काही केल्या सुचलं नव्हतं.

आणि मग मागच्या आठवड्यात ताईने फोनवर तिचा एक व्हिडिओ दाखवला. मुलगी काळा एप्रन बांधून उभी. एका हाताने बर्फ, दुसऱ्या हाताने बाटली उलटी, धार ग्लासात, कुणाशी तरी हसून बोलणंही चालू. धार अचानक तुटली, दुसरी बाटली उचलली.

“थांब, थांब. पुन्हा लाव,” कंपाउंडर म्हणाले होते. “माप कुठंय?”

“असेल कुठंतरी.”

“नाहीये! बघ ना. मापच घेतलं नाही तिने. मग कळतं कसं?”

त्यांनी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. रागावायचं विसरूनच गेले. रात्री मोरीत बसून रिकाम्या बाटलीत पाणी भरून ते ओतून पाहिलं. तीस मिली ओतायला जावं तर कधी वीस पडलं, कधी पन्नास. अडतीस वर्षांच्या हाताला जमेना आणि कालच्या पोरीला जमतं म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी ती आठवड्याने येणार असल्याचा निरोप आला, आणि कंपाउंडर पिशवी घेऊन बाहेर पडले.

मुलगी तीनला पाच कमी असताना आली. केस कापलेले, थोडी बारीक झालेली. तिने आत्याला मिठी मारली, डोळा बघितला. मग वडिलांकडे वळून “कसे आहात?” म्हणाली, आणि त्यांनी “बरा” म्हटल्यावर पर्स मांडीवर घेऊन खुर्चीच्या टोकावर बसली. दहा मिनिटं डोळ्यांचे थेंब, गॉगल आणि डॉक्टरांचा स्वभाव हेच विषय पुरवून पुरवून वापरले गेले.

शेवटी ताईलाच राहवलं नाही. “ठमे, तिकडे टेबलाकडे बघ जरा. आठवडाभर चाललंय. सकाळ-संध्याकाळ हलवतोय मेला.”

मुलीने मान वळवली. बाटल्या पाहिल्या, चिठ्ठ्या वाचल्या. उठून जवळ गेली आणि पुन्हा वाचल्या.

“हे काय आहे?”

“जिन,” कंपाउंडर म्हणाले. “म्हणजे, त्यात घातलंय. काकडी वगैरे. थंड पेय करतात ना तुम्ही लोक, तसलं. सोडा आणलाय. बर्फ आहे.” बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला. दवाखान्यात त्यांनी कुणाला इतकं समजावून सांगितलं नव्हतं.

 मुलीने ग्लासात बर्फ घातला. पर्समधून एक छोटी धातूची नळी काढली, सुताराच्या खिशातून पेन्सिल निघावी तशी, आणि ती काकडीच्या बाटलीला बसवली. बाटली उलटी केली. तिचे ओठ किंचित हलले.

“थांब!” कंपाउंडर ओरडले. ताई दचकली. “ग्लासात नको. यात घाल.”

त्यांनी औषधं मोजायचं काचेचं माप तिच्या पुढ्यात ठेवलं. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. परीक्षेला बसवल्यासारखी तिच्या कपाळावर आठी पडली. तरी तिने बाटली मापावर धरली, मापाकडे न बघता त्यांच्याच डोळ्यांत बघत धार सोडली आणि तोडली.

कंपाउंडर गुडघे वाकवून रेघेच्या उंचीला आले. चष्मा वर केला, खाली केला.

“तीस,” ते म्हणाले. “बरोब्बर तीस.” आणि मग, लहान मुलासारखं, “कसं काय गं?”

“मनात मोजायचं. नळीतून धार सारखी पडते. पहिले सहा महिने पाण्यावर सराव केला.”

“सहा महिने?”

“रोज. खोलीवरच्या सगळ्या मुली झोपल्या की.”

“नळी!” कंपाउंडर म्हणाले. “मला नळीच माहीत नव्हती. मोरीत नुसतं पाणी सांडत बसलो.”

मुलगी हसली नाही, पण आठी गेली. तिने मापातली जिन ग्लासात घातली, वर सोडा ओतला, लांब चमच्याने एकदाच ढवळलं आणि घोट घेतला. तो तोंडात फिरवला. शांतपणे बेसिनशी गेली आणि थुंकली. मग लिंबाची साल. पुन्हा बेसिन. चहाची बाटली तिने नुसती हुंगली आणि बूच लावून टाकलं.

“एवढं वाईट?” ताईने विचारलं.

“आत्या, काकडी कुजलीय. साल जहर कडू आहे. आणि चहाने तर चामडं कमावता येईल.”

 ताईने उघडा डोळाही मिटून घेतला. आपल्या भावाला कुणी चूक दाखवली की पुढे काय होतं, ते तिने साठ वर्षं पाहिलं होतं. मुलीनेही पाहिलं होतं. तिने पर्स उचलून खांद्याला लावली.

कंपाउंडरांना फार लाज वाटली. सात दिवस सकाळ-संध्याकाळ आपण एक वाईट गोष्ट जपून हलवत होतो, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकला.

“माझं काय चुकलं ते दाखव,” ते म्हणाले. “मला येत नाही हे. तुला येतं.”

 मुलीने पर्स पुन्हा खाली ठेवली आणि सालीच्या बाटलीतला एक तुकडा चमच्याने काढून बशीत टाकला.

“हा पांढरा भाग दिसतो? तो राहिला की कडू. नुसती पिवळी साल, कागदासारखी पातळ. आणि सगळ्याला सात दिवस कुणी सांगितले?”

“अर्काला सात दिवसच असतात.”

“औषधाच्या. इथे प्रत्येकाचा वेळ वेगळा.” ती आता टेबलाला टेकून उभी होती. “साधी जिन उरलीय?”

“अर्धी आहे.”

“मग एक नीट करून दाखवते. बघून ठेवा.”

कंपाउंडरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन झाले होते; बस साडेपाचची.

“चहाला किती वेळ लागतो?”

“फार तर दोन तास.”

“काकडीला?”

“एक रात्र पुरते.”

“आणि लिंबाच्या सालीला?”

“तीन दिवस.”

कंपाउंडरांनी चहाचा डबा उचलला, कपाटात ठेवला आणि दार लावलं. उरलेली काकडी फ्रीजमध्ये गेली. मग त्यांनी टोपलीतली चार लिंबं काढली, नळाखाली धुतली, एकेक पुसून कोरडं केलं आणि मुलीच्या पुढ्यात ओळीने मांडली. शेजारी सुरी ठेवली. त्यांचे कान लाल झाले होते. 

मुलीने लिंबांकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग तिने एक उचललं, सुरीची धार अंगठ्यावर पाहिली आणि साल सोलायला सुरुवात केली.

“तीन दिवसांत होते,” ती मान वर न करता म्हणाली. “पण चार ठेवली तर जास्त चांगली लागते.”