चार मिनिटांची गैरहजेरी

मंगळवार, ११ मार्च २०२५, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. तोवर लिफ्टमिस्त्रीची ती चित्रफीत दोन लाख चौदा हजार जणांनी पाहिली होती. मिस्त्री स्वतः ती सतराव्यांदा पाहत होता.

बंद पडलेल्या लिफ्टमधून एका बाईचा आक्रोश ऐकू येतो. मिस्त्री हत्यारांची पिशवी टाकून जिना चढून जातो. एवढेच. वर मथळा : ‘पळपुटा मिस्त्री’. प्रत्यक्षात तो गच्चीवरच्या यंत्रखोलीत मुख्य स्विच पाडायला गेला होता. वीज चालू ठेवून दार उघडले आणि लिफ्ट हलली, तर माणूस चिरडतो. चार मिनिटांत परतून त्याने बाईंना सुखरूप बाहेर काढले, हे चित्रफितीत नव्हते.

“काय मिस्त्री, आज कुठं पळताय?” शेजाऱ्याने गॅलरीतून टोला हाणला.

“पोटामागं.”

कंपनीच्या साहेबांनी बजावले होते, “चॅनेलवर तुमचा खुलासा आला, तर उद्या कामावर या. नाहीतर माझाही नाइलाज आहे.”

बायकोने इस्त्रीचा शर्ट पुढे केला. “अहो, थोडक्यात बोला. साधा पंखा समजवायला तास घेता तुम्ही.”

“अर्धवट सांगितलं की घात होतो,” म्हणत त्याने बटण चुकीच्या काजात घातले, काढले, पुन्हा घातले.

स्टुडिओत मुलाखत घेणारी मुलगी गोड बोलली. “काका, आधी माफी मागा. डोळ्यांत पाणी आलं तर फारच छान.”

“माफी कशाची? स्विच पाडल्याची?”

“बरं. पण बाई रडत असताना तुम्ही निघून गेलात, हे खरं ना?”

पहिली पायरी गाळून दुसरीवर जाणे मिस्त्रीला ठाऊक नव्हते. “हो, मी गेलो होतो,” तो म्हणाला. मग त्याने कागदावर आकृती काढली आणि अकरा मिनिटे क्रमवार सगळे सांगितले. कॅमेरावाल्याने मान डोलावली. “आत्ता कळलं, काका.”

संध्याकाळी सातच्या बातम्यांत पडद्यावर मिस्त्रीचा चेहरा आला. “हो, मी गेलो होतो.” मागे करुण संगीत वाजले. मग जाहिरात लागली.

“पुढचं दाखवतील की,” बायको म्हणाली. बातम्या संपल्या तरी दोघे बसून राहिले.

साहेबांचा फोन साडेसातला आला. मिस्त्रीने तो उभे राहून घेतला.

एकूण सेवा : एकवीस वर्षे, सात महिने, चार दिवस.