कोकिळाच्या जागेसाठी घातलेले घाव

मी एक जुना घण आहे. मित्रांनो, घण म्हणजे हातोडीचा थोरला भाऊ. हातोडी खिळे ठोकते, भिंतीवर चित्रे टांगते, म्हणून ती सगळ्यांची लाडकी. मला मात्र कोणी लाडाने हातात घेत नाही. मला उचलायला दोन्ही हात लागतात आणि बहुतेक वेळा थोडा रागही लागतो. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. गोड गोष्ट ऐकायची असेल तर एखाद्या छत्रीकडे किंवा दप्तराकडे जा.

माझा जन्मच मार खाऊन झाला. साक्री तालुक्यातल्या एका खेड्यात लोहाराने मला भट्टीत लाल केले, सांडशीने ऐरणीवर आडवे पाडले आणि दोघातिघांनी मिळून बडव बडव बडवले. मी ठिणग्या उडवल्या. त्यातली एक लोहाराच्या मनगटाला चावली, तेव्हा मला फार बरे वाटले. मग त्याने मला पाण्यात बुडवले. सातपुड्यातून आणलेल्या धावड्याच्या लाकडाचा दांडा माझ्या डोक्यात घुसवला आणि वरून पाचर ठोकली. असा मी तयार झालो.

मला नेले वना नावाच्या शेतकऱ्याने. बुटका, रुंद छातीचा आणि माझ्यासारखाच तापट. उन्हाळ्यात शेतीची कामे थांबली की तो विहिरी खोदायला जायचा. खाली काळा खडक. वना मला डोक्यावरून फिरवून आणायचा आणि मी दात ओठ खाऊन त्या खडकावर तुटून पडायचो. दगड फुटायचा, कपच्या गोळीसारख्या उडायच्या. एक कपची वनाची भुवई फाडून गेली. त्याने रक्त बाहीला पुसले आणि पुढचा घाव आधीपेक्षा जोरात घातला. दगडाच्या आवाजावरून तो आत कुठे पोकळ आहे, कुठे घट्ट आहे, हे त्याला कळायचे. लोक म्हणायचे, "वनाभाऊना घण म्हंजे घण शे!" दसऱ्याला त्याची बायको यशोदाबाई मला हळदकुंकू लावायची, झेंडूचे फूल वाहायची. मला ते फूल मुळीच शोभत नसे, पण मी गप्प बसत असे.

गावातले त्यांचे घर धाब्याचे होते. धाब्याच्या घरात लाकडी खांब असतात, खांबांवर तुळया आणि तुळयांवर मातीचे जाड छत. भिंती नुसत्या आडोशाला. एका पावसाळ्यात मागची भिंत धाडकन कोसळली, तिच्याखाली शेळी चिरडली, पण धाबे जागचे हलले नाही. वनाने त्याच धाब्याखाली बसून भाकरी खाल्ली. ही हकीकत तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. भिंत पडली तरी घर पडत नाही, हे त्याच्या डोक्यात पक्के बसले.

पुढे मुलगा प्रेमराज धुळ्यात हायवेवरच्या एका गॅरेजात कामाला लागला. त्याने देवपुरात जुने, विटांचे, वर स्लॅब असलेले घर घेतले आणि आईबापांना तिकडे आणले. वनाचा आता आबा झाला होता. मलाही त्याने सोबत आणले, पण माझे तिथे काम काय? मला बेडरूमच्या दाराशी ठेवले. पंख्याच्या वाऱ्याने दार आपटू नये म्हणून! खडक फोडणाऱ्याने दार धरून बसायचे. माझ्या अंगावर गंज चढला. येताजाता सगळ्यांच्या पायांची बोटे माझ्यावर आपटत, आणि खरे सांगतो, मला त्यात थोडे समाधानही मिळे.

बोटे आपटणारच. ती खोली म्हणजे नुसती कोंडी होती. दार आत उघडायचे ते पलंगाला धडकायचे. पलंग मधोमध. प्रेमराजच्या लग्नात आलेले लोखंडी कपाट खिडकी अडवून उभे. कोपऱ्यात सुनेचे शिलाई मशीन आणि त्यावर गाद्यांची चळत. सून दिपमाला जळगावच्या मेहरूणची. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. तिच्या नडग्यांवर पलंगाच्या कडेचे निळे डाग कायमचे होते.

मागच्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, याच खोलीत भडका उडाला. आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. तशी प्रेमराजची बहीण, पारोळ्याला दिलेली कोकिळा आली. तिचे अंथरूण पलंग आणि कपाट यांच्या फटीत. सकाळी प्रेमराज पलंगावरून उतरला तो तिच्या हातावरच. ती किंचाळली. प्रेमराज आपली चूक कबूल करायची सोडून ओरडला, तीही ओरडली, त्याने तिची पिशवी लाथेने उडवली. आबांनी धावत येऊन सुनेसमोर प्रेमराजच्या मुस्काटात भडकावली. कोकिळाने कपडे गोळा केले. "मन्हा माहेरमा माले पाय पसराले जागा नही. आते मी येत नही!" असे म्हणून ती ऐन सणाच्या दिवशी निघून गेली.

वर्षभर तिने फोन उचलला नाही. यशोदाबाई चुलीसमोर नव्हे, आता गॅससमोर उभी राहून रडायची. आबा रडले नाहीत. ते आतल्या आत तापत गेले. या आखाजीला लेक आली नाही तर ती कायमची तुटली, एवढेच त्यांना दिसत होते.

जागा करायची हे सगळ्यांना पटले होते. कशी करायची, त्यावर भांडण. आबांना बाहेरच्या खोलीकडची भिंत पाडायची होती. दिपमालाने आपल्या धंद्यातली रीत वापरली. कापड कमी असले की शिंपी आधी कागद कापून पाहतो. तिने वर्तमानपत्रे चिकटवून पलंगाएवढा कागद कापला, कपाटाएवढा कापला, मशीनचाही कापला. सामान बाहेर काढून ते कागद फरशीवर मांडले, सरकवले, पुन्हा मांडले.

"आबा, भिंतीला हात लावायची गरजच नाही," ती म्हणाली. "दार बाहेर उघडेल असं करू. पलंग लांब भिंतीला लावू, कपाट दाराच्या कोपऱ्यात. गाद्यांना वर माळा काढू. बघा ना, मधे दोन अंथरुणं सहज बसतात."

आबांनी पाहिलेसुद्धा नाही. "कागदवर कोन झोपस? मधली भिंत पाडा, बठ्ठं मोकळं व्हई!" बठ्ठं म्हणजे सगळं.

"आबा, एखादा इंजिनिअरले दाखाडूत ना," प्रेमराज म्हणाला.

"मी विहिरी खोद्यात तवय कोनता इंजिनिअर उना व्हता? गावले भिंत पडनी, धाबं पडनं का? भार खांबवर ऱ्हास, भिंतवर नही!"

मित्रांनो, या घरात खांब नव्हताच. भिंत हाच खांब होता. शिवाय गच्चीवर, नेमकी त्याच भिंतीच्या माथ्यावर, पाण्याची भरलेली काळी टाकी बसवली होती. मला बोलता आले असते तर मी ओरडलो असतो.

आबांनी दिपमालाचे कागद उचलले आणि टराटरा फाडले. मग मला दांड्याला धरून वर घेतले. किती वर्षांनी! गंजलेल्या अंगात जुना जोर सळसळला. पहिल्याच घावात प्लास्टर ढासळले. दुसऱ्या घावात विटा बाहेर आल्या. दिपमाला भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आबांनी तिला दंडाला धरून बाजूला ढकलले. प्रेमराजने मागून माझा दांडा पकडला. बाप आणि मुलगा माझ्यावरून झोंबू लागले. एकाने ओढले, दुसऱ्याने झटका दिला आणि प्रेमराज जाऊन आदळला तो बाहेर काढून ठेवलेल्या कपाटाच्या आरशावर. आरसा फुटला. त्याच्या कोपरातून रक्ताची धार लागली. आबांनी ते पाहिले आणि तरी पुढचा घाव घातला.

त्या घावाचा आवाज वेगळा होता. मी आयुष्यभर दगड फोडले आहेत. नुसत्या उभ्या असलेल्या भिंतीचा आवाज बद्द येतो. ही भिंत कळवळून वाजली, कारण तिच्या डोक्यावर ओझे होते. विहिरीत असते तर आबांना तो आवाज तत्क्षणी ओळखू आला असता. पण त्या दुपारी त्यांना काही ऐकू येत नव्हते. त्यांनी एवढे मोठे भगदाड पाडले की त्यातून बैल गेला असता.

वर स्लॅबमध्ये कडाड् झाले. भेग विजेसारखी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावली. आबा पुन्हा मला उचलणार तोच यशोदाबाई त्या भगदाडातून आत शिरली आणि तिने नवऱ्याचे दोन्ही हात धरले.

"पोरले जागा करासाठे मायले गाडतस का?" ती ओरडली.

तेवढ्यात वरची विटांची रांग सुटली. आबांच्या डोक्यावर पडणार ती तिने हात वर करून झेलली. तिचा हात मनगटाजवळ काटकीसारखा मोडला. तो आवाज मात्र आबांना ऐकू आला. मी त्यांच्या हातातून गळून फरशीवर पडलो आणि फरशी फुटली.

पुढचे सगळे धावपळीत झाले. दिपमाला रडत बसली नाही. ती जिन्याने गच्चीवर पळाली आणि टाकीचा वॉल्व्ह पूर्ण उघडून आली. चैत्रातल्या धुळ्यात नळाला पाणी रोज येत नाही. ते जपून भरलेले पाणी रस्त्यावरून धो धो वाहू लागले. गल्लीतल्या बायका आधी शिव्या देत आल्या, मग घरात डोकावून गप्प झाल्या. समोरच्या बांधकामावरून माणसांनी सेंट्रिंगच्या बल्ल्या ओढून आणल्या. त्या स्लॅबखाली उभ्या केल्या आणि बुडाशी पाचरी मारायची वेळ आली, तेव्हा आबांनी मला पुन्हा उचलले. कोणी त्यांना अडवले नाही. त्यांनी मला इतके हळू चालवले की मला वाटले मी हातोडीच झालो. टक, टक, टक. प्रत्येक घावाला ते थांबून स्लॅबकडे कान देत होते. स्लॅब थांबला. घर उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी यशोदाबाई हाताला प्लास्टर घालून ओट्यावर बसली होती. आबांनी मला खांद्यावर टाकले आणि पांझरा नदीत फेकायला निघाले. मला संताप आला. यांनी उचलले, यांनी मारले आणि बुडायचे मी! फाटकाबाहेर पाऊल पडते तोच रिक्षा थांबली. प्रेमराज रात्रभर फोन लावत राहिला, तेव्हा कुठे कोकिळाने तो उचलला आणि सगळे ऐकून ती आली होती. सणाला नव्हे, आईसाठी.

तिने आबांच्या खांद्यावर मला पाहिले. "घण फेकाले निंघनात? मंग हात बी फेकतस का?"

आबा खाली बसले. रस्त्यावर, फाटकाशी, सगळ्यांच्या देखत ते हमसून हमसून रडले. कोकिळाने मला त्यांच्या खांद्यावरून काढून भिंतीशी टेकवले आणि आत गेली. आईचा प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ती ओट्यावर बसली.

ती थांबली. गवंड्याने भिंत पुन्हा बांधली, वर स्लॅबला लोखंडी तुळईचा आधार दिला. दिपमालाने नवे कागद कापले. या वेळी फरशीवर कागद सरकवायला कोकिळा होती, आणि कागदाप्रमाणे पलंग, कपाट हलवायला प्रेमराज, कोपराला पट्टी बांधून. बहीणभावात मोजकेच बोलणे होत होते, "जरा उचल", "इकडे घे" एवढेच, पण होत होते. दार बाहेर उघडू लागले. खिडकी मोकळी झाली. गाद्या माळ्यावर गेल्या. पलंगावर यशोदाबाई आणि खाली कोकिळा, हातपाय ताणून, अशी ती आखाजी झाली.

सणाच्या दुपारी आबा खोलीच्या उंबऱ्याशी आले. आत यायचा त्यांना धीर होईना. बाहेरूनच त्यांनी विचारले, "जागा पुरनी का, बाई?"

कोकिळा आईच्या केसांना तेल लावत होती. तिने मान वर केली नाही.

"जागा तं पहिलेबी व्हती, आबा. तुमना राग बठ्ठी जागा खाये."

आबा उंबऱ्यावरच बसून राहिले. थोड्या वेळाने यशोदाबाईने चांगल्या हाताने पलंगावरची उशी सरकवली आणि त्यांना आत यायला सांगितले. ते आले, भिंतीकडे न पाहता खाली फरशीवर बसले.

मित्रांनो, मी आता जिन्याखाली आहे. गंज पुन्हा चढतो आहे. तुमच्या घरात खोली अपुरी पडली तर आधी कागद कापा, सामान हलवून बघा, घरातल्या बाईने काय मांडले आहे ते वाकून पाहा. भिंत पाडायचीच वेळ आली तर जाणकाराला विचारा आणि मगच मला बोलवा. मात्र अंगात राग असताना मला हात लावू नका. मी लोखंड आहे, उचललेला घण मधेच थांबत नाही. थांबायचे ते उचलणाऱ्यानेच, आणि तेही उचलण्याआधी.